कोरोनाकाळात मेडिकलवाल्यांच्या मनावर कसला ताण होता?

कांजूरमार्गला मुंबई महापालिकेचं लस साठवणूक केंद्र आहे. २०२१ मध्ये मुंबईच्या लसीकरणासाठीचा साठा इथे ठेवला जात होता. पण त्याच परिसरातल्या मेडिकल स्टोअरमधल्या फार्मासिस्टला लस कधी मिळणार, हे स्पष्ट नव्हतं. १६ जानेवारीला आरोग्य कर्मचाऱ्यांचं आणि फेब्रुवारीत पोलीस, पालिका कर्मचाऱ्यांचं लसीकरण सुरू झालं. औषधविक्रेत्यांच्या संघटनेला मात्र प्राधान्य मिळावं म्हणून मागणी करत राहावं लागलं. सरकारने मार्च २०२० मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचा विमा जाहीर केला, त्यातही खासगी दुकानं नव्हती. सेवा अत्यावश्यक, पण ती देणारा माणूस यादीबाहेर!

लॉकडाऊन लागला, लोकल बंद झाल्या, अनेक खासगी दवाखान्यांनी शटर ओढलं. उघडं राहिलं ते मेडिकल. ताप आलेला माणूस आधी तिथेच यायचा. दिवसभर असे लोक समोर, आणि रात्री घरी म्हातारे आईवडील, लहान मुलं. चाळीतल्या एका खोलीत वेगळं राहणार तरी कुठे? सुट्टी घेणंही अवघड, कारण डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधं नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच देता येतात. छोट्या दुकानात असा माणूस एकच असतो.

भीतीपेक्षा जास्त पोखरणारी गोष्ट वेगळी होती: ओळखीच्या माणसाला ‘नाही’ म्हणणं.

मार्च २०२० मध्ये हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनसाठी झुंबड उडाली. २६ मार्चला सरकारने हे औषध शेड्यूल एच-१ च्या नियमांखाली आणलं. म्हणजे चिठ्ठी हवी आणि विक्रीची नोंद तीन वर्षं जपायची. संधिवात आणि ल्युपसच्या रुग्णांना हे औषध रोज लागतं, त्यामुळे नकार योग्यच होता. पण तो ऐकवायचा शेजाऱ्याला. तीन पदरी मास्कला १० रुपये आणि २०० मिली सॅनिटायझरला १०० रुपये अशी कमाल किंमत ठरली. माल मिळाला नाही तरी ‘साठेबाज’ ही शिवी दुकानदारालाच. एप्रिल २०२१ मध्ये रेमडेसिविरसाठी नातेवाईक दुकानोदुकानी फिरत होते आणि काउंटरमागच्या माणसाच्या हातात काहीच नव्हतं.

मानसशास्त्रात याला ‘नैतिक जखम’ म्हणतात. आपल्याला जे करायला हवं ते परिस्थितीमुळे करता येत नाही आणि त्याची बोचणी मागे राहते. थकवा झोपेने जातो, ही बोचणी तशी जात नाही. ‘बर्नआउट’ त्याहून वेगळा. जागतिक आरोग्य संघटनेनुसार त्याच्या तीन खुणा आहेत: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल अलिप्तता किंवा कडवटपणा, आणि कामातला आत्मविश्वास घटणं. आधी हसून बोलणारा मेडिकलवाला खेकसू लागला असेल, तर तो दरवेळी माज नसतो.

झोप उडणं, सतत चिडचिड, दिलेली औषधं पुन्हापुन्हा तपासत राहणं असं आठवडेच्या आठवडे चालू राहिलं, तर मदत घ्यावी. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्राची टेली-मानस सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर ती २४ तास मोफत मिळते. मराठीतही बोलता येतं, त्यामुळे रात्री दुकान बंद केल्यावरही फोन करता येतो.