नायक कोणाच्या घरातला? अमेरिकन कुमारसाहित्यातील लॅटिनो पात्रांची शंभर वर्षे



आजचा विषय फलकावर वाचून मघाशी चहा घेताना दोघा-तिघांनी आम्हाला विचारलं, ‘सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. पोरांच्या विज्ञानकथा, भुताखेतांच्या गोष्टी, आणि त्यातही अमेरिकेतली लॅटिनो पात्रं, हे मध्येच काय काढलंत?’ प्रश्न रास्त आहे. उत्तर द्यायचं तर एक जुनी गोष्ट कबूल करावी लागेल.

वर्गात आम्ही अनेक वर्षं सांगत आलो की, कथेतला माणूस हा आधी माणूस असतो. त्याचं नाव, वर्ण, भाषा हे त्याचे आगंतुक धर्म, सार निराळं. अ‍ॅरिस्टॉटलच्या आधाराने हे छान मांडता येतं. एकदा शेवटच्या बाकावरून एका विद्यार्थ्याने विचारलं, ‘सर, ते आगंतुक आहेत, तर मग नायकाच्या बाबतीत ते नेहमी एकाच प्रकारचे का असतात?’ आम्ही काहीतरी बोलून वेळ मारून नेली. तास संपला, प्रश्न काही संपला नाही. पुढे अमेरिकेतल्या कुमारसाहित्याचा हा इतिहास वाचला आणि तो प्रश्न नीट कळला. म्हणून आज हा विषय.

आधी शब्द समजून घेऊ. लॅटिनो म्हणजे मेक्सिको, क्युबा, पोर्तो रिको, डॉमिनिकन रिपब्लिक आणि एकूण लॅटिन अमेरिकेशी मूळ जोडलेले अमेरिकेतले लोक. २०२० च्या जनगणनेत ते ६ कोटी २१ लाख भरले, म्हणजे लोकसंख्येच्या १८.७ टक्के. मुलांमध्ये तर साधारण दर चौथं मूल या समाजातलं आहे. हे सगळे अलीकडे बाहेरून आले, असा आपला एक समज असतो. तो अर्धाच खरा. १८४८ च्या ग्वादालुपे इदाल्गोच्या तहाने कॅलिफोर्निया, न्यू मेक्सिको हा सगळा मुलूख मेक्सिकोकडून अमेरिकेकडे गेला. तिथली माणसं जागच्या जागीच होती, सीमा त्यांच्यावरून सरकली. पोर्तो रिको १८९८ मध्ये अमेरिकेच्या ताब्यात आलं आणि १९१७ मध्ये तिथल्या लोकांना अमेरिकन नागरिकत्व मिळालं. तेव्हा यातले बरेच जण पाहुणे नव्हेत, घरचेच आहेत. गोष्टीत मात्र त्यांना घरच्यासारखं कधी वागवलं गेलं, ते बघायचं आहे.

सुरुवात १९१९ पासून करू. त्या वर्षी जॉन्स्टन मॅकली नावाच्या लेखकाने एका स्वस्त साप्ताहिकात क्रमशः एक साहसकथा लिहिली आणि त्यातून झोरो जन्माला आला. काळा मुखवटा, घोडा, तलवार. पुढच्याच वर्षी डग्लस फेअरबँक्सचा मूकपट आला आणि झोरो घरोघरी पोचला. नायक स्पॅनिश बोलणाऱ्या कॅलिफोर्नियातला आहे, म्हटल्यावर आनंद वाटायला हवा. पण नीट बघा. हा नायक जमीनदाराचा मुलगा आहे, उमराव घराण्यातला. शेतात राबणारे लोक गोष्टीत आहेत ते मुख्यतः त्याने वाचवावं यासाठी. आणि ज्या दशकांत या काल्पनिक डॉनवर मुलं टाळ्या वाजवत होती, त्याच दशकांत खऱ्या मेक्सिकन मजुरांची स्थिती काय होती? १९३० नंतरच्या मंदीत लाखो मेक्सिकन वंशाच्या माणसांना सीमेपार पाठवलं गेलं. त्यात अमेरिकेत जन्मलेले नागरिकही होते. कॅलिफोर्नियाच्या काही भागांत मेक्सिकन मुलांसाठी वेगळ्या शाळा होत्या. त्या बंद व्हायला मेंडेझ विरुद्ध वेस्टमिन्स्टर हा खटला लढावा लागला. १९४७ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल कायम केला. म्हणजे पडद्यावर झोरो चालत होता, पण झोरोची भाषा घरात बोलणारं पोर शेजारच्या बाकावर चालत नव्हतं.

दुसरीकडे, न्यूयॉर्कमध्ये एक शांत काम सुरू झालं होतं. १९२१ मध्ये पुरा बेलप्रे ही पोर्तो रिकोहून आलेली तरुणी तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयात कामाला लागली. मुलांना गोष्टी सांगणं हे तिचं काम. कपाटं धुंडाळली, तर आजीकडून ऐकलेली एकही गोष्ट तिला तिथे सापडेना. मग तिने स्वतःच सांगायला सुरुवात केली, इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये, हातात बाहुल्या घेऊन. झुरळीण आणि उंदीर यांच्या लग्नाची तिची गोष्ट १९३२ मध्ये पुस्तकरूपाने आली. वाचायला येणाऱ्या पोरांना कळलं की आपल्या आजीला ठाऊक असलेलं काही या मोठ्या इमारतीतही ठेवण्यासारखं आहे. हे आपण लक्षात ठेवू, कारण शेवटी याच आजीपाशी परत यायचं आहे.

आता १९५९. रॉबर्ट हाइनलाइनची ‘स्टारशिप ट्रूपर्स’. मुळात ही कुमार वाचकांसाठी लिहिली होती. नेहमीच्या प्रकाशकाने नाकारली, दुसऱ्याने काढली. नायक जॉनी, पूर्ण नाव हुआन रिको. आई ब्युनोस आयर्समधल्या हल्ल्यात मरते. वाचकाला वाटतं, लॅटिन अमेरिकन असावा. अगदी शेवटाकडे सहज कळतं की त्याची घरची भाषा तागालोग आहे, म्हणजे तो फिलिपिनो. तोवर वाचकाने मनात जो चेहरा काढायचा तो काढून झालेला असतो! १९९७ मध्ये चित्रपट निघाला. त्यात रिकोला ब्युनोस आयर्सचाच केला, आणि भूमिकेला घेतला गोरा अमेरिकन नट.

आपल्याला हे नवं नाही. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला, त्यामुळे कॅप्टन नेमो आपल्या घरातला. हा नेमो म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार, हे व्हर्नने सांगितलं ते १८७५ च्या पुढच्या कादंबरीत. आणि १९५४ च्या डिस्नेच्या चित्रपटात नेमो झाला जेम्स मेसन.

इथे आमचं जुनं प्रमेय तपासता येतं. रिकोचं मूळ शेवटच्या पानांपर्यंत कळलं नाही तरी कथा अडत नाही. याचे दोन अर्थ निघतात. एक, हाइनलाइन उदार होता. भविष्यात वंशाला महत्त्व उरणार नाही असं त्याला सुचवायचं होतं. आम्ही पूर्वी एवढंच म्हटलं असतं. दुसरा अर्थ असा, की जे कथेत काहीच करत नाही ते काढून टाकणं सोपं असतं. चित्रपटवाल्यांनी ते काढलं आणि कोणाला काही तुटल्यासारखं वाटलं नाही. पाटी कोरी ठेवली की तिच्यावर नेहमीचाच चेहरा उमटतो.

१९६५ मध्ये नॅन्सी लॅरिक या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी तीन वर्षांत निघालेली पाच हजारांवर बालपुस्तकं तपासली. कृष्णवर्णीय पात्र असलेली पुस्तकं निघाली ६.७ टक्के. तेव्हा लॅटिनो मुलं कोणी वेगळी मोजलीसुद्धा नव्हती. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या बालपुस्तक केंद्राने अशी मोजणी १९८५ मध्ये कृष्णवर्णीय लेखकांपासून सुरू केली. लॅटिनो पुस्तकांची नियमित मोजणी १९९४ पासूनची.

दरम्यान चित्र पालटू लागलं होतं. १९७३ मध्ये निकोलासा मोर यांची ‘निल्डा’ आली, न्यूयॉर्कमधल्या पोर्तो रिकन मुलीची कथा. १९८४ मध्ये सँड्रा सिस्नेरोस यांचं ‘द हाउस ऑन मँगो स्ट्रीट’. उत्तम पुस्तकं. पण बाजाराने त्यातून एक सोयीचा धडा घेतला. लॅटिनो मूल म्हटलं की गरिबी, गल्ली, स्थलांतर, अपमान. त्या मुलाला दुःख भोगायची परवानगी मिळाली. ड्रॅगनवर बसायची, चंद्रावर जायची नाही. वास्तववादी कादंबरीत त्याला जागा झाली आणि विज्ञानकथेत, अद्भुतकथेत गोऱ्या मुलाचीच मक्तेदारी राहिली. हा अन्याय मोजायला अवघड आहे, बरं का. कारण ‘तुमच्यावर पुस्तकं आहेत की!’ असं म्हणता येतं. पण विज्ञानकथा म्हणजे भविष्यात कोण कोण असेल याची यादी असते. त्या यादीत नाव नसणं म्हणजे काय, हे दहा वर्षांच्या मुलाला न सांगता कळतं.

मग बदललं काय? नुसती नावं बदलली असती तर आम्ही आज इथे बोलायला उभे राहिलो नसतो. गोष्टींचं आतलं यंत्र बदललं. तीन उदाहरणं देतो.

पहिलं कॉमिक्समधलं. २००६ मध्ये ब्लू बीटल हा जुना नायक नव्या रूपात आला: हाइमे रेयेस, टेक्सासमधल्या एल पासोचा मुलगा. महानायकाचा जुना नियम काय? तो अनाथ असतो, आणि आपली शक्ती घरच्यांपासून लपवतो. हाइमे घरी येतो आणि आईवडिलांना सांगून टाकतो! पुढे साहस म्हटलं की घरच्यांची काळजी, मतं, रागावणं, सगळं सोबत. एकट्या नायकाचा प्रकार इथे कुटुंबाचा झाला.

दुसरं, डॅनियल होसे ओल्डर यांची २०१५ ची ‘शॅडोशेपर’. ब्रुकलिनमधली सिएरा सँटियागो भिंतींवर चित्रं काढते. पूर्वजांचे आत्मे चित्रांत उतरवण्याची विद्या तिच्या घराण्यात आहे, पण आजोबांनी ती मुलींना द्यायची नाही म्हणून तिच्यापासून लपवलेली. आणि खलनायक कोण? मानववंशशास्त्राचा प्राध्यापक! लोकांची विद्या अभ्यासायला आला आणि बळकावून बसला. आम्ही हे वाचताना जरा सावरूनच बसलो. इथे सिएराचं मूळ काढून टाकलं तर कथाच उरत नाही: ना जादू, ना शत्रू, ना घरातलं भांडण.

तिसरं, डोना बार्बा हिगेरा यांची ‘द लास्ट क्वेंतिस्ता’. २०२१ मध्ये निघाली. २०२२ मध्ये तिला न्यूबेरी पदक मिळालं आणि पुरा बेलप्रे पुरस्कारही. हो, त्याच ग्रंथालयातल्या बेलप्रेबाईंच्या नावाने १९९६ पासून दिला जाणारा. २०६१ मध्ये हॅलेचा धूमकेतू पृथ्वीवर आदळणार आहे. पेट्रा पेन्या ही मुलगी शास्त्रज्ञ आईवडिलांबरोबर यानातून निघते, आजी मागे राहते. शतकांनी जाग येते तेव्हा यानावरच्या सत्ताधाऱ्यांनी सगळ्यांच्या आठवणी पुसलेल्या असतात. फक्त पेट्राला आजीच्या गोष्टी आठवतात, आणि त्या सांगत सांगत ती लढते. आता बघा, विज्ञानकथेत शेवटचं शस्त्र म्हणून आपण काय काय वाचलं: किरण, बॉम्ब, संगणक. इथे आजीची गोष्ट आहे.

आक्षेप दोन आहेत, आणि दोन्ही दमदार आहेत.

पहिला: यातून नवा साचा नाही का तयार होत? प्रत्येक पुस्तकात प्रेमळ आजी, मृतांचा सण, मिरच्यांचा वास. होतोय, हे मान्य केलं पाहिजे. क्युबातून आलेल्या डॉक्टरचं घर, ग्वातेमालातल्या माया भाषा बोलणाऱ्याचं घर आणि कृष्णवर्णीय डॉमिनिकन मुलाचं घर यांत साम्य कमी आणि फरक जास्त. काहींना स्पॅनिशही येत नाही. ‘लॅटिनो’ हे खानेसुमारीच्या कामाचं नाव आहे, त्यात माणूस मावत नाही. म्हणून चांगला लेखक लॅटिनो पात्र लिहीत नाही, एल पासोच्या अमुक घरातला मुलगा लिहितो.

दुसरा आक्षेप: मग लिहायचं कोणी? फक्त त्याच समाजातल्या लेखकाने? कोरिन डाव्हिस या डच लेखिकेने २०१५ मध्ये ‘ओन व्हॉइसेस’ हा शब्द सुचवला. ज्याचं जगणं त्याचंच लेखन, अशा पुस्तकांच्या शिफारशीसाठी. हेतू चांगला होता. पण हळूहळू ते प्रमाणपत्र झालं. लेखकांना आपली खासगी ओळख उघड करावी लागू लागली. २०२१ मध्ये ‘वी नीड डायव्हर्स बुक्स’ या संस्थेने तो शब्द वापरणं थांबवलं. आणि पोर्तो रिकन आईचा, कृष्णवर्णीय वडिलांचा स्पायडरमॅन माइल्स मोरालेस २०११ मध्ये ज्यांनी घडवला, ते लेखक ब्रायन मायकल बेंडिस आणि इटालियन चित्रकार सारा पिकेली, दोघेही त्या समाजातले नाहीत. मुलांनी त्याला आपला मानला. तेव्हा परवाना मागण्यापेक्षा मेहनत मागावी, असं आमचं मत. पण हेही म्हणू, की दार शंभर वर्षं काहींना बंद होतं, तर आधी त्यांना आत घेणं यात कोणाचा अपमान नाही.

हे सगळं पुस्तकी आहे असं वाटत असेल तर एकच प्रसंग. जानेवारी २०१२ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या टूसॉन शहरात शाळांमधला मेक्सिकन-अमेरिकन अभ्यासक्रम राज्याच्या कायद्याच्या दबावाखाली बंद झाला. वर्गांतून पुस्तकं खोक्यांत भरून नेली. त्यात पाउलो फ्रेइरेंचं ‘पेडॅगॉजी ऑफ द ऑप्रेस्ड’ही होतं. २०१७ मध्ये न्यायालयाने त्या कारवाईमागे वांशिक आकस होता असं म्हटलं. मधल्या पाच वर्षांत किती मुलं ती शाळा संपवून बाहेर पडली असतील! पेट्राच्या यानावर आठवणी पुसतात, ते वाचताना तिथल्या मुलांना ते परग्रहावरचं वाटलं नसेल.

आता त्या शेवटच्या बाकावरच्या विद्यार्थ्याला उत्तर. तो आज पन्नाशीचा असेल. बाळा, नाव आणि भाषा आगंतुक आहेत हे आम्ही पुस्तकातून शिकलो आणि तसंच शिकवलं. पण ज्याचे आगंतुक धर्म नेहमीच नायकाचे असतात, त्यालाच ते आगंतुक वाटतात. बाकीच्यांना ते कथेच्या दारात अडवतात. माणूस सगळीकडे एकच, हे आम्ही अजूनही मानतो. मात्र तो कुठल्यातरी आजीच्या मांडीवर बसूनच माणूस होतो, एवढं त्यात घालायचं आमचं राहून गेलं होतं.

वेळ झाली, अध्यक्ष घड्याळाकडे बघताहेत. प्रश्न असतील तर जरूर विचारा. या वेळी वेळ मारून नेणार नाही.