एमआरआयमध्ये ‘टेअर’ दिसला, पण दुखणे त्याचेच का?

“डॉक्टर, रिपोर्टमध्ये टेअर लिहिलंय. आता ऑपरेशनच ना?” हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो.

स्नायूला हाडाशी जोडणारा स्नायुबंध, म्हणजे टेंडन, साध्या एक्स-रेत दिसत नाही. बॉस्टनच्या डॉ. अर्नेस्ट कॉडमन यांनी १९०९ मध्ये खांद्याचा फाटलेला स्नायुबंध शिवला, तेव्हा निदानासाठी हाताशी होती ती मुख्यतः रुग्णाची हकीकत आणि तपासणी. पुढे सांध्यात डाय टोचून एक्स-रे काढू लागले. स्नायुबंध आरपार फाटला असेल तर डाय वर झिरपलेला दिसे. १९८०च्या दशकात एमआरआय आला आणि सुईशिवाय फाट दिसू लागली.

मग १९९५ मध्ये अमेरिकेतील शेर आणि सहकाऱ्यांनी खांदा अजिबात न दुखणाऱ्या ९६ जणांचा एमआरआय काढला. ३४ टक्क्यांना फाट होती! साठीपुढच्यांत तर ५४ टक्क्यांना, आणि त्यातल्या निम्म्याहून थोड्या अधिक जणांत ती आरपार होती.

यंत्र चुकले नव्हते. आरपार फाट एमआरआय चांगली ओळखतो (अर्धवट फाटीत मात्र गफलत होते). पण दुखणे त्या फाटीचेच का, हे चित्रात उमटत नाही. म्हणून फिल्म उघडण्याआधी मी विचारतो: रात्री त्या कुशीवर झोपता येतं का? हात वर नेताना दुखतं, की बळच लागत नाही?