बालाघाटाच्या पाण्याची वाट

बीड जिल्ह्यात धबधबे आहेत असे सांगितले, की पुण्या-मुंबईचे मित्र हसतात. त्यांच्या डोळ्यांपुढे आमचा जिल्हा म्हणजे टँकर, चारा छावणी आणि ऊसतोडीला निघालेल्या गाड्या. त्यांचे फारसे चुकतही नाही. श्रावणात एकदा या, असे मी दरवर्षी म्हणतो. ते काही आले नाहीत. आली ती माझ्या बहिणीची मुले. पुण्यात नोकरी करणारे हे दोघे भाऊ गाडीच्या डिकीत घडीचे दोन तंबू टाकून दारात उभे राहिले आणि म्हणाले, "मामू, चला. तुमचं ते पाणी दाखवा आता."

बीडमधून सोलापूर रस्त्याने निघालो. पहिला मुक्काम पाच-सहा किलोमीटरवरच, खजाना विहिरीपाशी. मुलांना धबधबा हवा होता, त्यांनी नाक मुरडले. पण पाण्याच्या सहलीची सुरुवात इथूनच व्हावी, असा माझा हट्ट होता. १५८२च्या सुमारास, अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाच्या काळात, सलाबतखानाने ही विहीर बांधवली. बांधणाऱ्या कारागिराचे नाव राजा भास्कर असे सांगतात. दोन भुयारांतून पाणी आत येते आणि तिसऱ्यातून ते बाहेर शेतांकडे जाते. सरकारी खजिना या बांधकामावर खर्च झाला म्हणून हे नाव पडले, अशी दंतकथा आहे. खरी असो की नसो, या जिल्ह्यात खजिना कशाला म्हणायचे हे त्या काळच्या माणसांना ठाऊक होते.

पुढे पालीजवळ बिंदुसरेचे धरण लागते. या नदीच्या पात्रात आम्ही उन्हाळ्यात क्रिकेट खेळलो आहोत. १९८९च्या जुलैमध्ये तिनेच बीडच्या वस्त्यांत शिरून माणसे नेली. तेव्हा मी कॉलेजात होतो. पाणी ओसरल्यावर चिखलात आपापली भांडी शोधणारे लोक अजून डोळ्यांपुढे आहेत. आमच्याकडचे पाणी असे आहे. अकरा महिने रुसलेले असते आणि एखाद्या दिवशी अंगावर येते.

कपिलधारला धार चांगली कोसळत होती. मन्मथस्वामींची समाधी इथेच आहे. कार्तिकी पौर्णिमेला दूरदूरहून, कर्नाटक-तेलंगणातूनही, लिंगायत भाविक पायी येतात. मला मात्र मन्मथस्वामी भेटतात ते 'परमरहस्य' मराठीत लिहिणारे कवी म्हणून. मी त्यांच्या मानाने फार धाकटा, पण धंदा एकच. धारेखाली उभे राहून मुलांनी फोटो काढले. मी चपला हातात घेऊन बाजूच्या दगडावर बसून राहिलो.

मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे वळलो. या तालुक्यात नायगावचे मयूर अभयारण्य आहे. १९९४ साली जाहीर झालेले, जवळपास ३० चौरस किलोमीटरचे. हे घनदाट जंगल नव्हे. बुटकी झाडे, गवताचे माळ, मधूनमधून दगड. मोर आधी ऐकू येतो आणि मग बराच वेळ दिसत नाही. धाकट्या भाच्याला तंबू तिथेच ठोकायचा होता. "बाबा, हे मोरांचे घर आहे, आपण पाहुणे," असे म्हणून मी त्याला गाडीत बसवले.

आता जी गोष्ट सांगायला मी हे सगळे मांडतो आहे, ती सांगतो. पाटोदा तालुक्यातल्या गवळवाडीजवळ मांजरा उगम पावते. ती पूर्वेला निघते, लातूर, बिदर करत निजामसागरात अडते आणि पुढे गोदावरीला मिळते. हैदराबादच्या निजामाने १९३१मध्ये पूर्ण केलेले ते धरण आमच्या माळावरच्या पावसानेही भरते. त्याच तालुक्यातल्या सौताड्याला विंचरणा नदी कड्यावरून उडी घेते. ती मात्र खाली जामखेडकडे जाते, सीनेला मिळते. सीना भीमेला, भीमा कृष्णेला. म्हणजे एकाच ढगातला पाऊस, एक थेंब इकडे पडला तर गोदावरीचा, थोडा तिकडे पडला तर कृष्णेचा. २०१६च्या एप्रिलमध्ये मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ते पाणी कृष्णेच्या खोऱ्यातले. पाटोद्याच्या माळावर फारकत घेतलेली दोन पाणी त्या वर्षी रेल्वेच्या वाघिणींतून पुन्हा भेटली.

पाण्याची हद्द होती, तशी राज्यांचीही होती. १८१८नंतर नगरचा मुलूख इंग्रजांकडे गेला, घाटावरचे बीड निजामाकडे राहिले. ही हद्द काही सरळ नव्हती. जामखेड तालुक्यातली इंग्रजी गावे निजामाच्या गावांत विखुरलेली होती. माझे दादाअब्बा करोडगिरीत, म्हणजे निजामाच्या जकात खात्यात, घाटावरच्या एका नाक्यावर शिपाई होते. आत येणाऱ्या मालावर शेकडा पाच जकात. इकडे हाली रुपया, तिकडे कलदार; शंभर कलदारांना ११६च्या आसपास हाली मोजावे लागत. बाया-माणसे लुगड्याखाली लुगडे नेसून हद्द ओलांडत, आणि दादाअब्बा पावसाकडे पाहत उभे राहत, असे ते स्वतःच हसून सांगत. १७ सप्टेंबर १९४८ला निजामाने शरणागती पत्करली. त्या आठवड्यात घाटावर काय झाले, ते कसे जगले, कोणी लपवले, हे त्यांनी कधीच सांगितले नाही. मी लहानपणी विचारले की ते उठून घागर भरायला जात. ते गेल्यावर मला कळले, की विचारायची रीत मला आली नाही.

सौताड्याचा कडा दोनशे फुटांहून खोल आहे. पायऱ्यांनी घळीत उतरले की रामेश्वराचे मंदिर. पायऱ्या शेवाळलेल्या होत्या, गुडघ्यांनी तक्रार केली, पण उतरलो. खाली बोललेले ऐकू येत नव्हते. पाण्याचे तुषार इतके, की चष्मा पुसून पुसून मी शेवटी खिशात ठेवला.

रात्री ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या बांधाकडेला तंबू लावले. कंदिलाच्या उजेडात मुलांना खर्ड्याची लढाई सांगितली, कारण खर्डा तिथून जवळच, जामखेडच्या पलीकडे. १७९५च्या मार्चमध्ये निजाम अलीखान मोठी फौज आणि सोबत जनाना घेऊन मोहरी घाट उतरला. ११ मार्चला पेशव्यांच्या फौजांशी गाठ पडली. दिवसभराची लढाई निकाली नव्हती. रात्री मराठ्यांची एक छोटी तुकडी घोड्यांसाठी पाणी शोधत एका ओढ्यावर आली. तिथे निजामाची माणसे बसलेली. गोळ्या सुटल्या, त्या आवाजाने पुढे तोफा सुटल्या, अंधारात सगळ्या छावणीचा थरकाप उडाला आणि निजाम खर्ड्याच्या गढीत जाऊन अडकला. ग्रँट डफने १८२६ साली हे लिहून ठेवले आहे. दौलताबाद, तीन कोटी रुपये आणि आपला वजीर, एवढे निजामाला देऊन सुटावे लागले.

"म्हणजे हिंदू-मुसलमान लढाई ना मामू?" थोरल्याने विचारले. आमच्याकडे ती अशीच सांगणारे पुष्कळ भेटतात. मी म्हटले, एका बाजूला रेमंड नावाचा फ्रेंच, दुसऱ्या बाजूला पेराँ नावाचा फ्रेंच. भांडण थकलेल्या चौथाईच्या पैशांचे. आणि रात्र फिरली ती घोड्यांच्या तहानेने. घोड्याला विचार, तो कोणाचा होता. मुले हसली. मला मात्र त्या ओढ्यात पाणी कुठून येत असेल, हाच विचार बराच वेळ सतावत राहिला. मार्चमध्ये आमचे कडे कोरडे असतात.

पहाटे शेतकरीभाऊ चहा घेऊन आले. त्यांचे गुळगुळीत झालेले दोन कोयते तंबूशेजारच्या गोठ्याच्या आढ्याला खोचलेले होते. "धबधबा किती दिवस चालतो?" धाकट्याने विचारले.

"दिवाळीपर्यंत," ते म्हणाले. "मग तोही थांबतो अन् आम्हीबी इथं नसतो. कारखाना सुरू होतो ना. घाट उतरून जायचं, त्याच वाटेनं."

आणि त्यांनी कपबशीतला चहा संपवून, विंचरणा जिकडे जाते तिकडे हात केला.