किंबर्ली दाखल्याची कुळकथा

कच्चे हिरे एका देशातून दुसऱ्या देशात जाताना डबा सीलबंद लागतो आणि सोबत सरकारी दाखला. त्यावर क्रमांक, वजन, किंमत. मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या हिरेबाजारात हा नेहमीचा कागद आहे. त्याचा जन्म मात्र आफ्रिकेतल्या युद्धांतून झाला.

अंगोलात १९९२ची निवडणूक हरल्यावर जोनास साविंबीच्या ‘युनिटा’ संघटनेने पुन्हा शस्त्रं उचलली आणि युद्धाचा खर्च हिऱ्यांवर भागवला. जून १९९८मध्ये सुरक्षा परिषदेने ठरवलं, की अंगोला सरकारचा दाखला नसलेला तिथला हिरा कुणी घ्यायचा नाही. आजच्या दाखल्याचा हा पूर्वज.

सिएरा लिओनमध्ये हिरे नदीकाठच्या गाळात सापडतात. फावडं आणि चाळण एवढ्यावर काम होतं, त्यामुळे काठ ज्याच्या ताब्यात, खजिना त्याचा. १९९१पासून लढणाऱ्या ‘आरयूएफ’ बंडखोरांनी कोनो जिल्ह्यात लोकांना खणायला जुंपलं. गावोगाव माणसांचे हात तोडले. खडे लायबेरियामार्गे बाहेर जात, शस्त्रं आत येत. आणि १९९९च्या लोमे शांतता करारात याच बंडखोरांचा म्होरक्या फोदे सांको याला देशाच्या खनिज आयोगाचं अध्यक्षपद देण्यात आलं! हात गमावलेल्यांना ही बातमी कशी वाटली असेल, या विचाराने आजही संताप होतो. जुलै २०००मध्ये दाखल्याची अट इथेही लागू झाली.

दोन महिने आधी, मे २०००मध्ये, दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्लीत सरकारं, व्यापारी आणि ‘ग्लोबल विटनेस’सारख्या संस्था एकत्र बसल्या होत्या. गिऱ्हाइकाने हिऱ्याकडे पाठ फिरवली तर काय, ही व्यापाऱ्यांची धास्ती तिथे मोठी होती. त्यातून घडलेली व्यवस्था १ जानेवारी २००३पासून सुरू झाली. भारत त्यात सुरुवातीपासून आहे.

व्याख्या मात्र सरकारांनी आपल्या सोयीची ठेवली: वैध सरकारविरुद्ध लढणाऱ्या बंडखोरांना पैसा पुरवणारा कच्चा हिरा, तोच ‘संघर्षाचा हिरा’. २००८मध्ये झिम्बाब्वेच्या मरांगे खाणक्षेत्रात खुद्द लष्कराने खणणाऱ्यांना गोळ्या घातल्या. मारणारे बंडखोर नव्हते, म्हणून हे हिरे व्याख्येत बसले नाहीत. २०११मध्ये त्यांच्या निर्यातीला मोकळीक मिळाली आणि ‘ग्लोबल विटनेस’ या व्यवस्थेतून बाहेर पडली.

शिवाय दाखला कच्च्या मालापुरताच. जगातल्या दहापैकी सुमारे नऊ हिऱ्यांना सुरतेत आणि आसपास पैलू पडतात. तिथे त्याची हद्द संपते. २०१९मध्ये या व्यवस्थेचं अध्यक्षपद भारताकडे होतं. व्याख्या रुंदावण्याचा प्रस्ताव दिल्लीच्या बैठकीत एकमताअभावी अडला.