‘केबिन फीव्हर’ : न आवडणाऱ्या तरुणांचे भय

एली रॉथ या दिग्दर्शकाचा ‘केबिन फीव्हर’ हा पहिला चित्रपट २००२ च्या सप्टेंबरात टोरोंटोच्या महोत्सवात मध्यरात्रीच्या खेळात दाखवला गेला आणि वर्षभराने अमेरिकेत प्रदर्शित झाला. सुमारे १५ लाख डॉलरांत तयार झालेल्या या चित्रपटाने तेथे २ कोटी १० लाख डॉलरांच्या आसपास कमाई केली. पीटर जॅक्सन यांच्यासारख्या दिग्दर्शकाने त्याची उघड प्रशंसा केली. उलट रॉजर ईबर्ट यांनी चारांपैकी दीडच तारा दिला. भय, विनोद आणि विडंबन यांपैकी आपल्याला काय हवे आहे हे चित्रपटाला ठरवता येत नाही, असा त्यांच्या आक्षेपाचा रोख होता. सामान्य प्रेक्षकांतही अशीच फूट पडली. यातली पोरे जगली काय नि मेली काय, आम्हांस त्याचे काय, असे एका पक्षाचे म्हणणे; तीच तर गंमत, असे दुसऱ्याचे.

पोरे खरोखरच नावडावीत अशी आहेत. कॉलेज संपवून पाच मित्रमैत्रिणी जंगलातल्या एका भाड्याच्या घरात सुटी घालवायला येतात. बर्ट हा खारी मारण्याच्या नादात रानात एकट्या राहणाऱ्या एका माणसाला गोळी घालतो आणि कोणाला न सांगता पळ काढतो. मांस कुजवणाऱ्या रोगाने ग्रासलेला तोच माणूस रात्री मदत मागत दारी येतो, तेव्हा त्याला हुसकावण्याच्या भरात त्याला आग लागते. त्याचे प्रेत जलाशयात पडते आणि नळाचे पाणी दूषित होते. पुढे कॅरनला रोगाची बाधा झाल्याचे दिसताच तिचेच मित्र तिला बाहेरच्या शेडमध्ये कोंडतात. जेफ तर बिअर घेऊन सरळ निघूनच जातो.

भयपटांच्या इतिहासात असे तरुण एकाएकी अवतरलेले नाहीत. १९६८ च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मध्ये घरात अडकलेली माणसे आपसांत भांडत असली, तरी बेन हा नायक आपल्या आदराचा धनी होता. १९८० च्या ‘फ्रायडे द थर्टीन्थ’नंतर मात्र तरुण मुले म्हणजे एकेक करून मारण्याची सोय, असा साचाच पडला. १९९६ च्या ‘स्क्रीम’ने त्या साच्याची थट्टा केली, पण नायिकेविषयीची आस्था सोडली नाही. रॉथ यांनी तीही सोडली.

आता आपल्या परिचयाच्या काव्यशास्त्राकडे वळले तर हा वाद अधिक स्पष्ट होतो. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त हास्याला भयानक आणि करुण यांचा विरोधी मानले आहे. ईबर्ट यांची तक्रार याच जातीची म्हणता येईल. ॲरिस्टॉटलही भीतीचा संबंध आपल्यासारख्या माणसाशी जोडतो. जो आपल्यासारखा वाटत नाही त्याच्या विपत्तीने आपण हादरत नाही. परंतु भरताने भयानकाची उत्पत्ती बीभत्सापासून सांगितली आहे. आमच्या मते, या चित्रपटाचा उलगडा करायचा तर हाच धागा धरायला हवा. आस्थेतून भीती उपजवण्याचा नेहमीचा मार्ग रॉथ घेतच नाहीत; ते किळसेतून भीतीकडे जातात. आइसलंडमध्ये असताना स्वतःला झालेल्या त्वचेच्या विकारावरून ही कल्पना सुचल्याचे त्यांनी सांगितले आहे, आणि ते पडद्यावर जाणवते. मार्सी स्नानाच्या टबात बसून पायांवरून वस्तरा फिरवते तो प्रसंग पाहावा. मार्सी आपल्याला आवडते की नाही हा प्रश्न तेथे उरतच नाही. तिची कातडी ही आपली कातडी होते. साधारणीकरण घडते ते देहाच्या पातळीवर.

म्हणूनच नुसत्या हसणाऱ्या पक्षाशीही आम्ही पूर्ण सहमत नाही. त्यांना पोरांच्या मरणात न्याय दिसतो. पण हा रोग न्याय करीत नाही. सोबत्यांना टाकून गेलेला जेफ जगतो. सकाळी परतून आपण वाचलो म्हणून तो आनंदाने रडू लागतो आणि पोलिसांच्या गोळीने मरतो. बेनच्या मृत्यूचा हा प्रतिध्वनी उघड आहे. फरक एवढाच की बेनसाठी आपण हळहळलो होतो, येथे हसू फुटते आणि लगेच अवघडल्यासारखे होते. (दुकानदाराच्या बंदुकीवरचा वांशिक विनोद आणि कराटे करणारा चावरा मुलगा यांची मात्र तरफदारी करण्याची आमची इच्छा नाही. गावकऱ्यांना हास्यास्पद ठरवणे ही स्वस्त युक्ती आहे.)

२०२० नंतर हा चित्रपट पुन्हा पाहणाऱ्याला त्या कोंडलेल्या कॅरनवरून नजर हलवणे अवघड जाते. त्या वर्षी आपल्याकडेही डॉक्टर-परिचारिकांना घरमालकांनी घर सोडायला सांगितल्याच्या बातम्या आल्या होत्या, आणि तसे सांगणारे बहुतेक एरवी सज्जनच असावेत. तेव्हा ही पोरे विशेष दुष्ट आहेत की केवळ घाबरलेली, हा प्रश्न २००३ मध्ये वाटला तितका सोपा राहिलेला नाही. पाणी दूषित झालेच आहे. अखेरीस त्याच पाण्याचे सरबत पोलिसांना विकले जाते आणि बाटल्यांनी भरलेला ट्रक शहराकडे निघतो.

२०१६ साली रॉथ यांच्याच पटकथेवरून ट्रॅव्हिस झेड यांनी हा चित्रपट पुन्हा केला. प्रसंग बहुतेक तेच, पोरेही तशीच. हास्य मात्र बरेचसे गळाले होते. त्या वेळी समीक्षकांत दोन पक्ष पडले नाहीत. जवळजवळ सर्वांनीच तो नाकारला.