स्तोत्रसंहिता आणि ख्रिस्ती दैनंदिन प्रार्थना

स्तोत्रसंहिता : बायबलच्या जुन्या करारातील 150 स्तोत्रांचा संग्रह. हिब्रू नाव ‘तेहिल्लीम’. ज्यू आणि ख्रिस्ती या दोन्ही धर्मांचे हे प्रार्थनेचे पुस्तक आहे. बायबलच्या इतर ग्रंथांत देवाची कृत्ये, आज्ञा आणि संदेष्ट्यांची वाणी येते. या संग्रहात मात्र बहुतांशी माणूस देवाशी बोलतो. रोजच्या ख्रिस्ती भक्तीत या ग्रंथाला जे स्थान मिळाले, त्याचे कारण हेच आहे. प्रार्थनेला बसलेल्या माणसाला शब्द सुचत नाहीत, तेव्हा ते त्याला येथे तयार मिळतात.

संग्रह पाच भागांत विभागलेला असून प्रत्येक भागाच्या शेवटी देवाचे स्तवन येते. 73 स्तोत्रांच्या शीर्षकात दाविदाचे नाव आहे. आसाफ, कोरहाचे पुत्र, शलमोन यांची नावेही आढळतात आणि 90 वे स्तोत्र मोशेच्या नावावर आहे. ही शीर्षके मागाहून जोडली गेली असावीत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. 137 व्या स्तोत्रात तर बाबेलच्या नदीकाठी बसून यरुशलेमेसाठी रडणारे बंदिवान भेटतात, म्हणजे ते इ. स. पू. 586 मधील यरुशलेमेच्या पाडावानंतरचे आहे. कित्येक शतकांच्या उपासनेतून, मंदिरातील गायकांच्या आणि यात्रेकरूंच्या मुखातून हा ग्रंथ घडला. 120 ते 134 ही छोटी स्तोत्रे यरुशलेमेच्या वाटेवरील यात्रेकरूंची मानली जातात. सर्वांत लहान स्तोत्र (117) दोनच वचनांचे आहे. सर्वांत मोठ्या स्तोत्रात (119) 176 वचने असून हिब्रू वर्णमालेच्या 22 अक्षरांनुसार त्यांची आठ-आठ वचनांची कडवी केली आहेत.

हिब्रू काव्याचा कणा म्हणजे ओळींची जोडी. पहिली ओळ जे सांगते, तेच दुसरी वेगळ्या शब्दांत सांगते, पुढे नेते किंवा उलट बाजूने दाखवते. इंग्रज विद्वान रॉबर्ट लाउथ यांनी 1753 मध्ये या रचनेचे सविस्तर विवेचन केले. यमकावर फारसा भर नसल्याने ही कविता भाषांतरातही बरीचशी टिकते. शिवाय दुसऱ्या ओळीमुळे वाचणारा आपोआप थांबतो, त्याच अर्थावर पुन्हा येतो. मननाला लागणारी संथ गती या रचनेतच आहे.

जर्मन अभ्यासक हेर्मान गुंकेल (1862–1932) यांनी स्तवन, विलाप, उपकारस्तुती, राजस्तोत्रे असे प्रकार पाडले. त्यांत विलापाची स्तोत्रे संख्येने सर्वांत अधिक आहेत, आणि भक्तीच्या दृष्टीने हीच गोष्ट सर्वांत मोलाची आहे. देवाजवळ जायचे तर आधी मन शांत, चेहरा प्रसन्न आणि श्रद्धा अढळ हवी, असा समज भाविकांत खोल रुजलेला असतो. स्तोत्रकर्ते तसे मानत नाहीत. 13 व्या स्तोत्रात देवाला ‘किती काळ?’ असे पुन्हापुन्हा विचारले आहे. 22 व्या स्तोत्राचा प्रारंभच देवाने टाकून दिल्याच्या आक्रोशाने होतो. पुढे मात्र ते स्तुतीकडे वळते. 88 वे स्तोत्र तेवढेही वळत नाही, काळोखातच संपते. तरीही ते संग्रहात राखले गेले आणि आजही प्रार्थना म्हणून म्हटले जाते. देव दूर गेला आहे हे देवालाच सांगणे, हीसुद्धा त्याच्याजवळ येण्याची वाट आहे, अशी साक्ष ही स्तोत्रे देतात. आजारपणात, शोकात किंवा श्रद्धा डळमळली असताना ज्यांना केवळ आनंदाची गीते म्हणायला सांगितले जाते, त्यांच्यावर अन्याय होतो. त्यांच्यासाठी शास्त्राने राखून ठेवलेले शब्दच त्यांच्यापासून हिरावले जातात.

23 वे स्तोत्र बहुतेक ख्रिस्ती घरांत लहानपणीच पाठ होते. त्यातील एक बदल लक्ष देऊन पाहावा. मेंढपाळ, कुरण आणि पाणी यांच्या चित्रात देवाचा उल्लेख ‘तो’ असा येतो. मरणछायेच्या दरीत शिरताच स्तोत्रकर्ता त्याला ‘तू’ म्हणू लागतो. देवाविषयीचे बोलणे देवाशी बोलणे होते, आणि तेही नेमके भीतीच्या जागी.

येशू ख्रिस्त याच प्रार्थनांवर वाढला. शुभवर्तमानांनुसार क्रूसावर त्याच्या मुखी 22 व्या आणि 31 व्या स्तोत्रांतील शब्द होते. त्यामुळे स्तोत्र म्हणताना आपण ख्रिस्ताच्या प्रार्थनेत सहभागी होतो, ही धारणा आरंभापासून दृढ झाली. चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाचे बिशप अथनेशियस यांनी मार्सेलिनस यांना लिहिलेल्या पत्रात कोणत्या प्रसंगी कोणते स्तोत्र म्हणावे याचे विस्तृत मार्गदर्शन केले. संत ऑगस्टीन 430 मध्ये हिप्पो येथे मरणशय्येवर असताना त्यांनी पश्चात्तापाची स्तोत्रे लिहवून भिंतीवर लावून घेतली होती. अंथरुणावरून ते ती वाचत आणि रडत, असे त्यांचे चरित्रकार पोसिडियस सांगतात.

रोजच्या पठणाला शिस्त लावली ती मठांनी. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीने दिवसरात्रीच्या प्रार्थनांत सगळी 150 स्तोत्रे आठवड्यात पूर्ण करण्याचा क्रम घालून दिला. झोपण्यापूर्वी 4, 91 आणि 134 ही स्तोत्रे रोज ठरलेली. धर्मसुधारणेच्या काळात हा ठेवा मठाबाहेर आला. जिनिव्हात 1562 मध्ये सर्व स्तोत्रे छंदोबद्ध फ्रेंचमध्ये चालींसह छापली गेली आणि ती घरोघरी गायली जाऊ लागली. इंग्लंडमध्ये 1549 च्या सामान्य प्रार्थनेच्या पुस्तकाने सर्व स्तोत्रे महिन्यावर वाटली: पहिल्या तारखेला सकाळी 1 ते 5, संध्याकाळी 6 ते 8, याप्रमाणे तिसाव्या दिवसापर्यंत. कॅथलिक चर्चच्या आजच्या प्रहरप्रार्थनेत हा क्रम चार आठवड्यांचा आहे.

या सर्व पद्धतींमागे एकच शहाणपण आहे: स्तोत्र आपण निवडायचे नाही, क्रमाने येईल ते म्हणायचे. मन आनंदात असताना विलाप समोर येतो, तेव्हा दुसऱ्या कोणाच्या दुःखासाठी तो म्हणावा. स्वतः खचलेले असताना स्तुती येते, तेव्हा मंडळीच्या स्वराचा आधार घ्यावा. केवळ आवडती पाच-सहा स्तोत्रे फिरवीत राहिल्यास प्रार्थना आपल्या स्वभावापुरती उरते. नवशिक्याला सकाळी एक आणि रात्री एक स्तोत्र पुरेसे आहे. ते मोठ्याने वाचावे, जोडीच्या ओळींमध्ये थांबावे आणि एखादे वचन दिवसभर सोबत न्यावे. मग आपले शब्द येतील ते यावेत.

पठण आणि वागणूक यांची फारकत स्तोत्रसंहितेला मान्य नाही. पहिले स्तोत्र खरे तर प्रार्थना नाहीच. रात्रंदिवस नियमशास्त्राचे मनन करणारा कसा जगतो, हे ते सांगते. देवाच्या मंडपात कोणी राहावे, या 15 व्या स्तोत्रातील प्रश्नाचे उत्तर विधींच्या भाषेत मिळत नाही: मनापासून सत्य बोलणारा, चहाडी न करणारा, नुकसान झाले तरी शपथ न मोडणारा, व्याजाने पैसे न लावणारा, निर्दोष्याविरुद्ध लाच न घेणारा. 127 वे स्तोत्र पहाटेपासून रात्रीपर्यंत चिंतेने राबणाऱ्याला त्याच्या श्रमाची मर्यादा दाखवते. 141 व्या स्तोत्रात ओठांवर पहारा ठेवण्याची विनंती आहे. घरी, दुकानात किंवा कार्यालयात बोलण्याआधी यापेक्षा उपयोगी प्रार्थना सापडणे कठीण. 73 वे स्तोत्र दुष्टांची भरभराट पाहून जळणाऱ्या माणसाचे आहे. पवित्रस्थानात गेल्यावर त्याला त्यांचा शेवट कळतो, आणि शेवटी देवाजवळ असणे यातच आपले हित आहे असे तो म्हणतो. त्याची परिस्थिती बदलल्याचे स्तोत्र कुठेही सांगत नाही.

शत्रूवर शाप मागणारी स्तोत्रे मात्र रोजच्या वाचकाला अडवतात. कॅथलिक प्रहरप्रार्थनेतून दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर 58, 83 आणि 109 ही स्तोत्रे वगळण्यात आली. जर्मन धर्मपंडित डीट्रिख बोनहॉफर यांनी नाझी राजवटीत, 1940 मध्ये, स्तोत्रांवर छोटे पुस्तक लिहिले. 1945 मध्ये त्यांना फाशी झाली. सूड स्वतः न घेता देवाच्या हाती सोपवणे, असा अर्थ त्यांनी या स्तोत्रांत पाहिला. शत्रूवर प्रीती करण्याची येशूची आज्ञा डोळ्यांसमोर ठेवून वाचल्यास तो अर्थ ग्राह्य वाटतो. अत्याचार सोसलेल्यांचा राग देवासमोर उघडा करण्याची जागाही त्यामुळे शाबूत राहते.

मराठी ख्रिस्ती भक्तीला या ग्रंथाची भाषा आपल्या मातीतील पद्यरूपांमुळे जवळची वाटली. फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 च्या ‘क्रिस्तपुराणा’त ओवी वापरली होती. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक (1861–1919) यांनी अभंग आणि भजनाला ख्रिस्ती उपासनेत मानाचे स्थान दिले. मराठी संतांप्रमाणे देवाशी भांडणारा, रुसणारा आणि पुन्हा पायाशी येणारा भक्त मराठी वाचकाला परका नाही. म्हणून विलापाच्या स्तोत्रांचे मर्म त्याला चटकन कळते. पंडिता रमाबाई यांनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू व ग्रीक भाषांतून बायबलचे मराठी भाषांतर केले आणि 1922 मध्ये निधन होईपर्यंत त्या कामाला वाहून घेतले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. वसईच्या चर्चमध्ये मराठी मिस्सात पहिल्या वाचनानंतर प्रतिसाद स्तोत्र गायले जाते. प्रॉटेस्टंट कुटुंबांत रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत शास्त्रवाचनासाठी स्तोत्र घेण्याची रीत आहे. कोकणातून आलेले मराठीभाषक बेने इस्रायल ज्यू हीच स्तोत्रे आपल्या प्रार्थनेत हिब्रूतून म्हणतात.