एका वाऱ्याचे अनेक सूर



आपल्या जऊळक्याच्या नावापुढे ‘रेल्वे’ हा शब्द लागलेला आहे. तेव्हा आजच्या संगीतविषयक व्याख्यानाची सुरुवात रुळांवरून केली, तर ती कोणास आगंतुक वाटू नये. अकोला-पूर्णा मार्गावरचे मीटरगेज जाऊन २००८ साली रुंद रूळ आले; परंतु एक अनुभव तेव्हाही होता आणि आजही आहे. एखादी गाडी न थांबता भोंगा वाजवीत स्टेशनातून जाते. ती जवळ येत असते तोवर भोंग्याचा सूर चढा असतो, आणि समोरून पुढे जाताच तो एकदम उतरतो. चालकाने भोंगा बदललेला नसतो. धावणाऱ्या गाडीपुढे आवाजाच्या लाटा दाटतात, मागे त्या विरळ होतात, एवढेच. ख्रिश्चन डॉपलर यांनी १८४२ साली प्राग येथे ही उपपत्ती मांडली. पुढे १८४५ साली हॉलंडमध्ये बाइस बॅलट या शास्त्रज्ञाने आगगाडीवर तुतारीवादक बसविले, रुळांच्या कडेला सुरांचे जाणकार उभे केले, आणि ती पडताळून पाहिली.

याच १८४२ साली पॅरिसमध्ये अलेक्झांडर दबँ यांनी हार्मोनियमचे पेटंट घेतले. एकीकडे धावत्या आवाजाचा नियम, दुसरीकडे वाऱ्यावर बोलणारी पेटी. या दोहोंचा परस्परांशी काही संबंध असेल असे त्या वेळी कोणाला वाटले नसेल. तो संबंध कसा जुळला, आणि आपल्या भजनी मंडळातल्या ‘कॅसिओ’शी त्याचे काय नाते आहे, हे आज पाहावयाचे आहे.

युरोपातील मोठ्या चर्चमधून पाइप-ऑर्गन असतो. शेकडो, क्वचित हजारो नळ्या, आणि त्यांना वारा पुरविणारे भाते. हे वाद्य म्हणजे एक इमारतच. गरीब चर्चला ते परवडणारे नव्हते. अमेरिकेत विजेची घड्याळे बनविणारे लॉरेन्स हॅमंड यांनी १९३५ साली यावर तोड काढली. त्यांच्या ऑर्गनमध्ये नळ्या नाहीत, भाते नाहीत. विजेच्या मोटरीवर फिरणारी ९१ दातेरी चक्रे, प्रत्येकासमोर लोहचुंबक, आणि त्यातून निघणारे सूर हव्या त्या प्रमाणात मिसळण्यासाठी पुढेमागे सरकणाऱ्या नऊ-नऊ दांड्या! वाद्य भराभर खपू लागले. ते पाइप-ऑर्गनच्या तोडीचे आहे, अशी जाहिरातही झाली. सरकारी व्यापार आयोगाने त्यावर आक्षेप घेतला, तेव्हा शिकागो विद्यापीठाच्या प्रार्थनामंदिरात दोन्ही वाद्ये आडोशामागे वाजवून परीक्षा घेण्यात आली. ऐकणारे सुमारे एक-तृतीयांश वेळा चुकले. तरीही १९३८ साली आयोगाने ती बरोबरीची भाषा थांबवावयास लावलीच.

नकलेत उणीव कोठे होती? लॉस एंजेलिसचे डॉनल्ड लेस्ली यांना ती आपल्या कानांनी सापडली. मोठ्या दालनात हॅमंड ऐकताना तो भरदार वाटे; लहान खोलीत मात्र तो सपाट, निर्जीव वाटे. पाइप-ऑर्गनच्या नळ्या निरनिराळ्या जागी उभ्या असतात, म्हणून त्याचा सूर दालनात ठिकठिकाणांहून उठतो. हॅमंडचा सूर एकाच पेटाऱ्यातून सरळ समोर येतो. लेस्ली यांनी मग आवाजालाच फिरावयास लावले. १९४१ पासून त्यांचा ध्वनिक्षेपक बाजारात आला. लाकडी कपाटात वरच्या बाजूस फिरणारा कर्णा. त्याला दोन तोंडे, परंतु आवाज निघतो एकातूनच, दुसरे केवळ तोल सांभाळण्यासाठी. खाली खर्जाच्या आवाजासाठी फिरणारा ढोल. संथ गती मिनिटाला सुमारे ४० फेऱ्यांची, जलद गती सुमारे ४०० फेऱ्यांची. कर्ण्याचे तोंड आपल्याकडे येताना सूर किंचित चढतो, पाठ फिरविताना किंचित उतरतो. आपल्या स्टेशनातली गाडीच जणू त्या कपाटात गोल फिरत असते.

गंमत अशी की स्वतः हॅमंड यांना ही जोड पसंत पडली नाही. परंतु वाजविणाऱ्यांनी ती उचलून धरली. चर्चमधील गायन, जाझ आणि पुढे रॉक संगीत यांत हॅमंड आणि लेस्ली ही जोडी अविभाज्य ठरली. पाइप-ऑर्गनची नक्कल म्हणून जन्मास आलेली वस्तू स्वतःच अस्सल होऊन बसली! चक्रांचे ऑर्गन १९७० च्या दशकाच्या मध्यास बनावयाचे थांबले, आणि मग लोक त्यांची नक्कल करू लागले. लहान, हलक्या कीबोर्डातून तोच घुमारा कसा काढावा, हा प्रश्न पुढील कित्येक वर्षे कारागिरांना छळीत राहिला.

पहिला मार्ग सोपा वाटला. फिरत्या लेस्लीचा आवाज एकेका पट्टीसाठी ध्वनिमुद्रित करावा आणि पट्टी दाबली की तो वाजवावा. फसगत येथेच झाली. तीन पट्ट्या दाबल्या की तीन मुद्रणे आपापल्या क्षणी सुरू होतात. म्हणजे तीन कर्णे तीन ठिकाणी तोंडे करून फिरू लागतात. शिवाय खालचा सूर ओढून वरच्या पट्टीवर नेला, तर कर्ण्याची गतीही त्याबरोबर वाढते. खऱ्या कपाटात कर्णा एकच असतो. दहा बोटांचे दहा सूर त्याच एका तोंडातून बाहेर पडतात, एकदमच चढतात आणि एकदमच उतरतात. कान हे कारण सांगू शकत नाही, परंतु खोटेपणा तत्काळ ओळखतो.

म्हणून जाणकारांनी पुढे दुसरा मार्ग धरला. स्वर घ्यावयाचा तो न फिरणारा, कोरा. आणि सर्व सुरांच्या बेरजेवर शेवटी एकच फिरता कर्णा गणिताने चालवावयाचा. त्यातही कर्णा आणि ढोल वेगळे ठेवावयाचे, कारण हलका कर्णा चटकन वेग घेतो, जड ढोल मागून रेंगाळत येतो. त्या दोन वेगांतल्या अंतरातच या वाद्याचा जीव आहे. वादकानेही ते सारखे जलद ठेवू नये. संथ ठेवून ओळीच्या शेवटी वेग वाढवावा, आणि पुन्हा सोडून द्यावा.

आता कोणी म्हणेल, अमेरिकेच्या या कपाटाशी आम्हाला काय कर्तव्य? कर्तव्य आहे, कारण परक्या वाद्याला अस्सल करून घेण्याचा इतिहास आपलाही आहे. १८८० साली किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि मराठी संगीत नाटकाचे युग सुरू झाले. त्या रंगभूमीने पेटी आणि पायपेटी, जिला आपण ऑर्गन म्हणत आलो, घरची करून टाकली. १९११ च्या ‘मानापमाना’स चाली देणारे गोविंदराव टेंबे हे स्वतः नामांकित पेटीवादक. १९१३ साली निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीत ऑर्गनचा सूर बालगंधर्वांच्या गळ्याला असा चिकटला की तो वगळून ते गाणे आठवत नाही. पेटीत मींड नाही, तिचे सूर ठोकळेबाज आहेत, या आक्षेपावरून ऑल इंडिया रेडिओने १९४० साली तिच्यावर बंदी घातली. १९७१ पासून ती सैल होत गेली. आक्षेप खोटा नव्हता. परंतु टेंब्यांसारख्यांचा हात त्या उणिवेवरही मात करून गेला.

नकलेचे एक यशही आपल्याजवळच घडले. १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटातली पुंगी ही पुंगी नव्हेच. मुंबईत कल्याणजी यांनी ती क्लॅव्हायोलिन या विजेच्या वाद्यावर वाजविली, जोडीला रवि यांची पेटी होती. ही नक्कल का साधली? माझ्या मते, क्लॅव्हायोलिन एका वेळी एकच सूर देते, आणि गारुड्याच्या पुंगीचे गाणेही एका फुंकीने एका सुरामागून दुसरा असेच चालते. दोहोंत श्वास एकच.

येथेच माझा आजचा मुद्दा येतो. कीबोर्डावरची पेटी आपल्याला खोटी का वाटते? लेस्लीची पहिली नक्कल ज्या कारणाने खोटी वाटली, त्याच कारणाने. खऱ्या पेटीत सर्व सुरांना भाता एकच असतो. भात्यावरचा हात दाबला की सगळे सूर मिळून फुगतात, सैल केला की मिळून ओसरतात; पट्ट्या जास्त दाबल्या की वारा वाटला जातो. कीबोर्डात प्रत्येक पट्टी आपापला श्वास घेऊन येते, आणि पट्टी जोराने मारली की तेवढाच सूर मोठा होतो. पेटीत असे कधीच घडत नाही. तेव्हा कीबोर्ड वाजविणाऱ्या आपल्या तरुणांना माझे सांगणे असे: पेटीचा किंवा ऑर्गनचा स्वर लावाल तेव्हा माऱ्यानुसार आवाज बदलण्याची सोय बंद करा, आवाजाचा चढउतार पायाखालच्या एका पेडलवर घ्या, आणि तो पाय भात्यावरच्या हातासारखा चालवा. ऑर्गनच्या स्वरात घुमारा आधीच मिसळलेला असेल तर तो काढून टाका, आणि सर्वांवर मिळून एकच घुमारा द्या. एवढ्याने सोंगात पुष्कळ जीव येईल.

यंत्राचा मी वैरी नाही. उन्हात दोन गावे फिरणाऱ्या भजनी मंडळीला हलके वाद्य हवेच. परंतु लेस्लीची नक्कल साधली ती कारागिरांनी मूळ कपाटे उघडून, त्यांच्या फेऱ्या मोजून, त्यांच्यासमोर तासन् तास कान लावून. मूळ वस्तू शाबूत होती म्हणून ते जमले. आपल्या माळ्यांवर, मंदिरांच्या कोपऱ्यांत जुन्या पेट्या पडून आहेत. कोणाचा भाता उंदरांनी कुरतडला आहे, कोणाचे दोन सूर मुके झाले आहेत. त्या दुरुस्त करा, वाजवा, पोरांना ऐकवा. ज्या गावातली जुनी पेटी मोडीत गेली, त्या गावाला उद्या तिची नक्कलसुद्धा धड करता येणार नाही. कारण नक्कल कशाची करावयाची, हे सांगणारा कानच तेथे उरलेला नसेल.